पाहुण्याला सोबत

पाहुण्यांना आणायला मला नांदुऱ्याला पाठवलं होतं. मलकापूर-शेगावला गाडीवर गर्दी असते, कोणीतरी वर्तमानपत्रातला चेहरा ओळखेल, अशी आमच्या साहेबांना धास्ती होती. नांदुऱ्याच्या फलाटावर त्या दिवशी कापसाच्या गाठी आणि दिवाळीला घरी निघालेली माणसं, एवढंच होतं. कोणाला कोणाकडे बघायला सवड नव्हती. डब्यातून आधी नागपूरचे एक प्राध्यापक उतरले, दगडांचा अभ्यास करणारे. त्यांच्या मागून एक उंच गोरा माणूस उतरला. आपली पेटी त्यानं स्वतःच उचलली. मी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे, हिला वजन नाही."

साहेब म्हणजे आमच्या बांधकाम खात्याचे उपअभियंता. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. मी सावंतवाडीकडचा, म्हणून 'कोकण्या'. आदल्या दिवशी त्यांनी मला दार लावून सांगितलं होतं, "ऐक बे कोकण्या. हा माणूस चंद्रापर्यंत जाऊन आला. हे कलेक्टर साहेबाले अन् त्या प्रोफेसरले माहीत, मले माहीत अन् आता तुले. पाचवा कान नको. त्याची एकच अट हाय, आपून कोण हे कोणाले कळू नये. तू तोंड उघडलं, तर हजेरीपटावरून नाव गेलं समज. अन् नीट पार पडलं, तर तुह्या कायमच्या कागदाचं मी पाह्यतो."

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि खात्यात रोजंदारीवर जीप चालवत होतो. सातवीत गणिताच्या पेपराला बसलो नाही, आणि मग शाळेत परत गेलोच नाही. पुढं एका धरणाच्या कामावर परदेशी इंजिनियरांची गाडी चालवली, तिथं तोडकंमोडकं इंग्रजी कानावर पडून जिभेवर आलं. या कामाला मला निवडलं ते त्या इंग्रजीमुळं. दुसरं कारण म्हणजे बाकीचे ड्रायव्हर दिवाळीला घरी गेले होते. माझं घर दोन दिवसांच्या वाटेवर होतं. मी जात नसे.

पाहुणे पुढं माझ्याशेजारी बसले. खामगावपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. वाटेत चहाला थांबलो तेव्हा सवयीप्रमाणे मी मागच्या चाकाला दगड लावला, ब्रेक ओढलाय ना ते पाहिलं, चार पावलं गेलो आणि परत येऊन पुन्हा पाहिलं. ते बघत होते.

"ब्रेकवर विश्वास नाही?"

"आहे. दगडावर जास्त आहे."

ते हसले. चिखलीच्या पुढं त्यांनी विचारलं, "मी कोण ते तुला सांगितलंय?" खरं सांगावं तर साहेबांची आज्ञा मोडते, खोटं सांगावं तर पाहुण्यांशी खोटं. मी म्हणालो, "दगडांचे साहेब." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "छान. तेच चालू दे."

त्यांचं बोलणं मी इथं माझ्या मराठीत लिहितो आहे. निम्मं मला तेव्हा कळलं होतं, उरलेलं नंतर कळत गेलं.

लोणारचं तळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की सपाट रानातून चालता चालता एकाएकी जमीन संपते आणि खाली भलामोठा वाटोळा खड्डा दिसतो. तळाशी खारट हिरवं पाणी, भोवती झाडी, झाडीत जुनी देवळं. आभाळातून दगड पडून हे झालं, असं प्राध्यापक सांगत. चंद्रावर म्हणे असले खड्डेच खड्डे आहेत.

पहिल्या सकाळी पाहुणे काठावर बराच वेळ उभे राहिले. मग मला विचारलं, "तू खाली गेलायस?"

"नाही. साहेबलोक खाली जातात. ड्रायव्हर गाडीपाशी थांबतो."

"इतक्या वेळा येऊन?"

"गाडी सोडून कसं जाणार?"

ते म्हणाले, "आम्ही तिघं गेलो होतो. दोघं खाली उतरले. मी गाडीपाशी थांबलो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोघं चंद्रावर उतरून परत येईपर्यंत तिसऱ्यानं यानात बसून वर घिरट्या घालायच्या असतात. तो नसेल तर कोणीच घरी येत नाही. एवढ्याशा खिडकीतून त्यांनी असले शेकडो खड्डे वरून पाहिले होते. परत आल्यावर जगभर फिरवलं, हारतुरे झाले, आणि प्रत्येक गावात एकच प्रश्न, इतक्या जवळ जाऊन उतरला नाहीत, वाईट नाही वाटलं? "आधी वाटत नव्हतं," ते म्हणाले. "विचारून विचारून वाटायला लागलं."

त्यांची इच्छा एवढीच होती. असल्या एका खड्ड्यात उतरायचं. एकट्यानं. बरोबर कॅमेरा नाही, माणूस नाही. पाण्याच्या कडेनं एक पुरी फेरी मारायची आणि वर यायचं. दोन दिवस प्राध्यापकांबरोबर काठावरचं काम होतं. तिसरा दिवस त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला होता. चौथ्या दिवशी सकाळी परत नांदुरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राध्यापक लांब दगड फोडत होते आणि आम्ही दोघं लिंबाखाली संत्री खात बसलो होतो. मी आपलं विचारलं, आईवडील आहेत का. आपल्याकडे कोणीही कोणाला विचारतं तसं.

आई आहे, म्हणाले. वडील मात्र हे चंद्रावरून आल्यावर वर्षानं गेले. त्यांच्याकडे अंत्यविधीला छापलेला कागद वाटतात, त्यावर माणसाचं नाव आणि प्रार्थना असते. माणसं रांगेत उभी राहिली. पाहुण्यांना वाटलं, आईला भेटायला. ती माणसं यांच्या सहीसाठी उभी होती. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सही हवी होती.

"केलीत?"

"सगळ्यांना केली. नाही म्हटलं असतं तर आईला ऐकावं लागलं असतं, पोराला गर्व चढला. वडिलांची शवपेटी खाली सोडली तेव्हा मी पेनाचं टोपण शोधत होतो."

हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि संत्र्याच्या बिया तळहातावर जमा करत राहिले. बायकोबद्दल एकच वाक्य बोलले. लोक तिला विचारायचे, तो घरी कसा वागतो, तर ती म्हणायची, घरी आला की सांगेन. मला तो विनोद वाटला आणि मी हसलो. मग हसणं आवरताना तोंडाचं काय करावं कळेना.

आता पुढचं. ते टाळून चालणार नाही.

पाहुणे उतरले होते त्या डाकबंगल्याच्या मागं एक बाई राहत. पन्नाशीच्या, विधवा, माहेर तिकडं संग्रामपूरकडचं. लोणारला काम असलं की मी त्यांच्याकडे जेवत असे. मावशी म्हणत असे. लोणारच्या पहिल्याच वर्षी मी तापानं पडलो होतो, तेव्हा या बाईनं मला पंधरा दिवस कण्यांची पातळ कण्हेरी भरवली. ओळख ना देख, माझी भाषा ऐकून पदराआड हसायच्या, पण भरवली. ते उपकार मी अजून मोजू शकत नाही. त्यांना भाऊ नव्हता. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, चंद्र तिचा भाऊ. मावशी लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी अंगणात उभ्या राहून ओवाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आधी, मी जेवायला गेलो. मावशी तबक घासत होत्या.

"पाहुणा जेवते का बराबर?"

"जेवतात."

"उद्या बीज. माह्या भावाले ओवाळाचं हाय. यंदा ढग नाई, लवकर दिसन." मग तबक पालथं घालून, "इतके वरीस ओवाळून राह्यली, कधी चोळीचा खण बी नाई धाडला त्यानं. पक्का चेंगट."

त्या हसल्या. आणि मला राहवलं नाही. त्यांना देण्यासारखं माझ्यापाशी कधी काही नव्हतं, आणि त्या घटकेला एक गोष्ट होती.

"मावशी, हे पाहुणे तुमच्या भावाच्या गावाला जाऊन आलेत."

घासणारा हात थांबला. "काय सांगतं?"

मी सगळं सांगितलं. कोणाला बोलू नका म्हणालो, माझी नोकरी जाईल म्हणालो, त्यांनी गळ्याची शपथ घेतली. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं असं मला अजून वाटतं. पण मी पुढं म्हणालो, "उद्या त्यांना एकट्याला तळ्यात उतरायचंय."

"एकटा? काऊन?"

"त्यांची तशी इच्छा आहे."

"त्याचं कोणी नाई का, बाप्पा?"

"आहेत. पण त्यांना एकटंच जायचंय."

मावशींचा चेहरा उतरला. इथं माझी चूक झाली. 'एकटं' हा शब्द मी इंग्रजीवरून जसाच्या तसा उचलला. आपल्याकडे एकटं असणं ही कोणाची इच्छा नसते, ती पाळी असते. एकटा म्हणजे ज्याचं कोणी उरलं नाही तो. मी 'निवांत' म्हणायला हवं होतं. त्यांना निवांत फिरायचंय, एवढं म्हटलं असतं तर मावशींनी मान हलवली असती आणि तबक घासायला घेतलं असतं. आपल्याला निवांतपणा कळतो.

"एवढा भारी माणूस," मावशी म्हणाल्या, "परक्या मुलखात एकटा तळ्यात उतरन, अन् आपून घरात करंज्या खात बसू?"

मी पुन्हा बजावलं. त्या मान डोलावत हाव हाव म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी डाकबंगल्यासमोर सारं गाव उभं होतं. हलगी होती, सनई होती. दिवाळीची सुट्टी असूनही हेडमास्तरांनी पोरं गोळा करून दोन रांगांत उभी केली होती. सरपंच फेटा बांधून आले होते. मेहकरहून आमचे साहेब जीप हाणत आले, उतरले आणि आधी माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे बाहेर आले. पायांत जाड बूट, खांद्याला पाण्याची बाटली, हातात काठी. समोरची गर्दी पाहून ते क्षणभर दारातच थबकले. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं. दोन दिवसांत मी त्यांना चार-सहा वेळा हसताना पाहिलं होतं, हे हसू त्यातलं नव्हतं. हे फोटोतलं होतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली, कारण हार घ्यायला दोन्ही हात लागतात.

"यांना काय हवंय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"तुम्ही एकटे पडू नये म्हणून आलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "त्यांचे आभार मान," म्हणाले.

मग सगळे खाली निघालो. मी दुभाष्या, त्यामुळं मला जीप सोडून जावं लागलं. त्या तळ्यात मी पहिल्यांदा उतरलो तो असा. पुढं हलगी, मागं पोरं, मध्ये पाहुणे. उतार निसरडा म्हणून दोन दणकट गड्यांनी त्यांची दोन्ही कोपरं धरली होती. चंद्रापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला लोणारच्या उतारावर घसरू देणार नाही, अशी त्यांची पकड होती. एक जण छत्री धरून चालत होता.

खाली पहिल्या देवळापाशी घोंगडी अंथरून त्यांना बसवलं. हेडमास्तरांचं भाषण झालं. मग प्रश्न.

"तिकडं तमाखू चालते का?"

"नाही."

"मंग कायले जाता बे!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी ते भाषांतर केलं नाही. पाहुण्यांनी आग्रह धरला, मग केलं. तेव्हा मात्र ते त्यांचं खरं हसू हसले.

"तिथून आमचं तळं दिसलं का?"

"दिसलं असतं तर आधीच आलो असतो."

टाळ्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, जिथं दिवस अन् रात्र सारखी नाही तिथं एकादशी कशी धरायची. पाहुणे म्हणाले, याचं उत्तर आमच्याकडे कोणालाच माहीत नाही, परत गेल्यावर विचारतो. म्हातारा खूश झाला. आणि मग तो प्रश्न आलाच, सरपंचांकडून. इतके जवळ गेले अन् उतरले नाही, तर कसं वाटलं? मी भाषांतर करायच्या आधीच पाहुण्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. प्रश्न त्यांना सुरावरून कळला होता. उत्तर सरळ, छान होतं, आणि त्यांनी ते असं दिलं की जणू पहिल्यांदाच विचार करून देताहेत.

दोनदा ते उठून पाण्याच्या कडेनं चालायला लागले. दोन्ही वेळा चाळीस-पन्नास माणसं उठून मागं चालायला लागली. पाहुण्याला मध्येच सोडायचं नाही, ही इथली रीतच. एकदा ते बाभळीआड लघवीला गेले, तर दोन स्वयंसेवक पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले आणि पाठ करून अदबीनं उभे राहिले. परत येताना पाहुणे मला म्हणाले, "चल, वर जाऊ." पहिलं देऊळ ओलांडून फार तर दोनशे पावलं झाली असतील. फेरी राहिली.

सूर्य मावळताना मावशी तबक घेऊन डाकबंगल्याच्या ओट्यावर आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. पश्चिमेला बिजेची कोर नखाएवढी दिसत होती. आधी त्यांनी तिला ओवाळलं, मग पाहुण्यांना पाटावर बसवून कुंकू लावलं आणि ओवाळलं. पाहुणे हात जोडून बसले होते. कोणीतरी शिकवलं असावं.

"इचार त्याले," मावशी मला म्हणाल्या, "माह्या भावाचं घर कसं हाय?"

मी विचारलं. ते म्हणाले, "यांना खरं सांग. मी आत गेलो नाही. बाहेरून फिरून आलो."

"दारातून परत आले?" मावशींना ते पटेना. "काऊन? आत या म्हणणारं कोणी नव्हतं का घरात?"

"घरात कोणी नव्हतं," पाहुणे म्हणाले.

मावशींनी तबकातली वात पुढं सारली. मग म्हणाल्या, "असो बाप्पा. पाह्य म्हणा, आज किती माणूस जमलं. आमी तुमाले एकटं नाई पडू देलं."

त्यांच्या आवाजात समाधान होतं. मी तेही भाषांतर केलं. पाहुण्यांनी मान डोलावली, खिशातला रेशमी रुमाल काढून त्यांच्या तबकात ठेवला. जाताना मावशी मला कानात म्हणाल्या, "मी एकीलेच सांगतलं बरं. सरपंचाच्या बायकोले. सोबत पाह्यजे म्हणून."

त्याच संध्याकाळी मी पाहुण्यांना म्हणालो, पहाटे उठू, उजाडायच्या आत मी तुम्हाला खाली सोडतो, गाडी चुकणार नाही. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. ओट्यावर चार गडी वळकट्या पसरत होते. सरपंचांनी पाठवले होते, पाहुण्याच्या सोबतीला. पाहुणे म्हणाले, "राहू दे. त्यांना कशाला उठवायचं."

सकाळी निघताना साहेब आले. पाहुण्यांची माफी मागितली आणि माझ्या देखतच इंग्रजीत विचारलं, "तुमच्याबद्दल या ड्रायव्हरनं सांगितलं का? खरं सांगा, मी आजच त्याला काढतो." मी गाडीच्या चाकाकडे बघत उभा राहिलो.

"नाही," पाहुणे म्हणाले. "मीच सांगितलं. बंगल्यामागच्या बाईंना. खुणा करून."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते हसले, मोठ्या माणसाला समजून घेतल्यासारखं.

खामगाव येईपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग गाडी बाजूला घेतली आणि सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "माहीत आहे. तू एकालाच सांगितलंस ना?"

"हो. एकीलाच."

"सगळे एकालाच सांगतात," ते म्हणाले. "चल, गाडी चुकेल."

नांदुऱ्याला त्यांनी माझा हात हातात घेतला आणि डब्यात चढले. मागं वळून पाहिलं नाही. नंतर त्यांचं एक पत्र खात्याला आलं, त्यात माझ्या गाडी चालवण्याची तारीफ होती. होळीच्या सुमारास मी कायम झालो. त्या नोकरीवर माझं घर झालं, पोरं शिकली, जीव या जिल्ह्यात रुजला. हे सगळं मला मिळालं आणि मी त्याला पात्र होतो असं मला कधी वाटलं नाही.

पण आमच्या खात्यात ती गोष्ट वेगळीच राहिली. साहेब ती चहाच्या टेबलावर रंगवून सांगत, "आधी म्हणे, मी कोण ते कोणाले सांगू नका. अन् दोन दिवस कोणी ओळखलं नाई, तर पठ्ठ्यानं सोताच जाऊन एका बाईले सांगतलं! परसिद्धीची सवय, दुसरं काय." ऐकणारे हसत. साहेब निवृत्त झाले, तरी गोष्ट चालू राहिली. नवीन आलेल्या माणसाला कोणीतरी ती सांगायचं, आणि मला विचारायचं, "काऊन भाऊ, तुमी तं होते तिथं, खरं हाय ना?"

मी हो म्हणत असे. आधी नोकरीच्या भीतीनं, मग सवयीनं, मग इतकी वर्षं हो म्हटलं म्हणून. एका माणसाला तीन दिवस कोणीही व्हायचं नव्हतं. त्याचे ते दिवस माझ्यामुळं गेले, आणि वर फुशारकीचा डागही त्यानं माझ्याऐवजी स्वतःला लावून घेतला. आता मीही निवृत्त झालो आहे, कोणी मला काढू शकत नाही. म्हणून लिहून ठेवतो. त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.